पंखे चालू आहेत

रंगनाथ नानांच्या दशक्रियेच्या फ्लेक्सचा मजकूर घेऊन त्यांचा मुलगा संपत माझ्या छापखान्यात आला, तेव्हा कागदावर नानांच्या नावाआधी सात विशेषणं होती. आमच्या जुन्नर-आंबेगावात माणूस गेला की दहाव्याला फ्लेक्स लागतो आणि त्यावर गेलेला माणूस ओळखू येणार नाही इतका मोठा होतो. प्रेरणास्थान, आधारवड, दानशूर. नानांनी कुणाला कधी चहा पाजल्याचं मला आठवत नाही; ते दुसऱ्याचाच प्यायचे, तोही बशीत ओतून. मी संपतला म्हटलं, "एवढं सगळं टाकायचं का?" तो म्हणाला, "टाका शेठ. सगळ्यांच्यात आसतं. आपलंच कमी दिसाया नको." मी टाकलं. छापणाऱ्याने गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नसतो. पण 'आधारवड' टाइप करताना हात अडखळला, कारण असली विशेषणं मोठ्याने वाचण्यात नानांची हयात गेली होती आणि त्यातल्या एकावरही त्यांचा विश्वास नव्हता.

नाना म्हणजे आमच्या थेटरचा आवाज. रिक्षाच्या टपावर भोंगा, एका हातात हँडल, दुसऱ्यात माइक, आणि मांडीखाली मी छापलेली हँडबिलं दाबून ठेवलेली. उंची बेताची, अंग काटकुळं, टोपी कायम डाव्या कानावर. एवढ्याशा माणसातून तो आवाज कुठून येतो हे पाहायला बाजाराच्या दिवशी खेड्यांवरून आलेली माणसं रिक्षात वाकून बघायची. त्या आवाजाचा त्यांना गर्व नव्हता. "आवाज काय, बैलाला पण आसतो," म्हणायचे.

गर्व होता तो दुसऱ्याच गोष्टीचा.

तेव्हा आमच्याकडे खिळे जुळवून छपाई व्हायची. दर आठवड्याला वितरकाकडून पिक्चरच्या पेटीबरोबर जाहिरातीचा मजकूर यायचा आणि नाना तो घेऊन माझ्या वडिलांसमोर बसायचे. पिक्चर कोणताही असो, मजकूर एकच. भव्य, दिव्य, रोमहर्षक, सहकुटुंब सहपरिवार. 'भव्य' आणि 'दिव्य' हे दोन शब्द तर आमच्या जुळाऱ्याने सुतळीने बांधूनच ठेवले होते. दर वेळी सोडून परत जुळवायचा कंटाळा. वापरून वापरून त्या खिळ्यांची धार गेली, 'भव्य'मधला 'भ' 'म'सारखा उठायला लागला. वडील म्हणाले, नवीन मागवू. नाना म्हणाले, "ऱ्हाऊ द्या शेठ. कोन वाचतंय."

हँडबिलावरचं सगळं नाना इमानाने भोंग्यावर वाचायचे, छापील मराठीत, एकही काना न गाळता. थेटरवाले त्याचेच तर पैसे द्यायचे. मात्र सगळं वाचून झालं की शेवटी एक वाक्य ते स्वतःचं घालायचे. शुक्रवारी दुपारचा पहिला खेळ ते तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसून शेवटच्या पाटीपर्यंत बघत आणि मगच रिक्षा काढत. पिक्चर आवडला असला की छापील मराठी संपायची, जरा थांबायचे, आणि घरात बोलावं तसं बोलायचे, "म्या बघितलाय." बास. नसला आवडला तर म्हणायचे, "थेटरात पंखे चालू आहेत."

याचा उलगडा गावाला व्हायला वेळ लागला नाही. पंख्याचं नाव निघालं की समजायचं, आत बघण्यासारखं दुसरं काही नाही. हळूहळू तो शब्द थेटरातून बाहेर आला. सुमार पिक्चरला आमच्याकडे 'पंख्याचा पिक्चर' म्हणू लागले. मग पंख्याचा मास्तर, पंख्याचा पुढारी. माझ्या बहिणीला स्थळ आलं तेव्हा मध्यस्थ बराच वेळ मुलाचं घर, अंगण, अंगणातला नळ असं सांगत बसला. आई आतून हळूच म्हणाली, "पंखे चालू आहेत म्हणायचं." ते स्थळ तिथेच मोडलं.

एकदा एका मोठ्या पिक्चरबरोबर वितरकाचा एजंट स्वतः आला. गळ्यात साखळी, डोळ्यांवर गॉगल. पोस्टरवर घोडेच घोडे उधळलेले. पिक्चरमध्ये घोडा एकच, तोही बांधलेला. नानांनी चार वाजता रिक्षा काढली आणि मजकूर संपवून पंखे चालू असल्याचं सांगितलं. खेळाला कुत्रं फिरकलं नाही. एजंटाला कुणीतरी खोच सांगितली. तो चिडून नानांना म्हणाला, उद्यापासून पंख्याचं नाव काढायचं नाही. दुसऱ्या दिवशी नानांनी नाव काढलं नाही. ते म्हणाले, "थेटरात पिण्याच्या पाण्याची सोय आहे." गावाने ओळखलं की हा पंख्याच्याही पलीकडचा आहे.

याच्या उलट एकदा असा एक पिक्चर आला की ज्यात ओळखीचा एक चेहरा नव्हता, गाणं नव्हतं, नाच नव्हता. पोस्टरवर नुसती एक म्हातारी विहिरीच्या काठावर बसलेली. नाना त्या दिवशी दुपारी आमच्या दुकानासमोर थांबले, माइक तोंडाशी धरला आणि "म्या बघितलाय" तीनदा म्हणाले. तीनदा त्यांनी त्याआधी कधी म्हटलं नव्हतं. माझी आई लग्न होऊन आल्यापासून थेटरात गेली नव्हती. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि वडिलांना म्हणाली, जाऊ या. थेटर आठवडाभर भरलेलं होतं.

त्यांचा नियम एकच होता. "अर्ध्यावर उठून बोलायचं नाय, आन् पोस्टर बघून तर नायच नाय. पोस्टर म्हंजे मुलगी दाखवायला ठेवलेला फोटो." हे ते इतक्या वेळा बोलायचे की ऐकणाऱ्याला वैताग यावा. मलाही यायचा. आता वाटतं, माणसाने अभिमान धरावा अशी दुसरी कोणतीच वस्तू त्यांच्या पदरी नव्हती.

पुढे थेटर बंद पडलं. मालकाने आतले पंखे उतरवून एका मंगल कार्यालयाला विकले. नाना रिक्षा घेऊन डोळ्यांच्या शिबिराची, निवडणुकीची, हरवलेल्या म्हशीची दवंडी देऊ लागले. आवाज तोच, पण 'म्या बघितलाय' त्यांनी कुठेच वापरलं नाही. एका पुढाऱ्याने खास विनंती केली होती. नाना त्याला म्हणाले, "साहेब, तुमाला शेवटपर्यंत कुटं बघितलाय?" तो हसला. त्याला वाटलं, गंमत केली.

मग अलीकडे एका पिक्चरची मंडळी आली. 'आपल्या मातीतला सिनेमा' असं त्यांच्या गाडीवरच लिहिलेलं होतं. लोणीत त्यांचं शूटिंग झालं. लोणी नानांच्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं गाव. नाना तिला भेटायला गेले असताना त्या लोकांनी त्यांना हेरलं, घोंगडी दिली खांद्यावर आणि एसटीच्या थांब्यावर उभं केलं. म्हातारा उभा आहे, गाडी येते, कंडक्टर खाली वाकतो, आणि म्हातारा विचारतो, "ही गाडी माघारी कवा येती?" एवढंच काम. सबंध लोणी बघायला लोटलं होतं. अक्काच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिला धूसर दिसायचं. ती म्हणाली, "हितं काय दिसंना. पडद्यावर मोठा दिसशील, तवा बघंन."

तीन-चार महिन्यांनी त्यांचा प्रमोशनवाला पोरगेला साहेब माझ्या छापखान्यात आला. आमच्या दोन्ही तालुक्यांतले फ्लेक्स त्यांनी मला दिले होते. बंद थेटर आठवड्यापुरतं उघडायचं ठरलं होतं आणि नानांची ख्याती त्याच्या कानावर गेली होती. त्याने नानांना माझ्याच दुकानात बोलावून मोबाइलवर ट्रेलर दाखवला. सुरुवातच नानांपासून. पहाटेचं धुकं, थांबा, घोंगडीतला म्हातारा. "ही गाडी माघारी कवा येती?" आणि मग आमचे डोंगर, आमची शेतं, मागे असं काही संगीत की मी मशीन बंद केलं. नानांनी तो तुकडा तीनदा बघितला. चष्मा काढला, टोपीनेच डोळे पुसले. आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडं पडद्यावर बघितलेल्या माणसाने पहिल्यांदा स्वतःचं बघितलं होतं.

"नाना, आता तुमचे ते दोन शब्द द्या. मी रेकॉर्ड करतो," साहेब म्हणाला.

"पिक्चर दावा आधी."

"अहो, एडिटिंग चालू आहे. आणि आत्ता बघितलंत ना?"

"ह्यो तुकडा झाला."

"तुकडा म्हणजे पिक्चरच की नाना. यातलंच सगळं आहे."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. आजही मी ती नजर विसरलो नाही. त्यांना मी 'नाही' म्हणायला हवा होतो. माझ्या मागे त्या पिक्चरचे फ्लेक्स वाळत होते. मी म्हणालो, "बघितलात की, नाना."

नाना जरा थांबले, नेहमी थांबायचे तसेच. मग मोबाइलकडे बघून म्हणाले, "म्या बघितलाय."

ते दोन शब्द दोन्ही तालुक्यांत मोबाइलवरून फिरले. वर साहेबाने आपली पाटी जोडली: ज्याचा शब्द कधी खोटा ठरला नाही. नानांची जुनी माणसं ऐकून हसली, हरखली. कितीतरी वर्षांनी तो शब्द ऐकू आला होता. ज्यांनी थेटराचं तोंड बघणं सोडलं होतं ते घरच्यांना घेऊन आले. लोणीहून अक्का वीसेक बाया घेऊन टेम्पोने आली. तिने नवं लुगडं नेसलं होतं.

मीही आत होतो. पिक्चर कसा होता याचं काय वर्णन करू. गावाकडची माणसं त्यात एक तर बावळट होती नाहीतर रडत होती, आणि त्यांच्यावर हसायला शहरातून आलेला एक हिरो होता. ट्रेलरमधले डोंगर एकदाच येऊन गेले. वर पंख्यांच्या जागी नुसते हूक लोंबत होते. लोक हाताला येईल त्या कागदाने, पदराने वारा घेत होते. पुढे मध्यंतर झालं, मग शेवट आला. नानांचा थांबा आलाच नाही. तो तुकडा पिक्चरमध्ये नव्हताच. जाहिरातीला बरा म्हणून तिथे ठेवला आणि पिक्चरमधून कापला. नाना तिसऱ्या रांगेत कडेला बसले होते. शेवटची पाटी गेली, दिवे लागले, तरी ते पडद्याकडेच बघत होते.

बाहेर कुणी नानांना शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ओळखीची माणसं मान खाली घालून चपला शोधत निघून गेली. अक्का मात्र चाचपडत नानांपाशी आली.

"रंगा, मला तू दिसला न्हाईस रं. लई बघितलं. ह्या डोळ्यांनी घात केला."

तिच्या मागच्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. नाना त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "व्हतो अक्का. तुला दिसलं नसंल."

"व्हतास ना पर?"

"व्हतो."

ती समाधानाने टेम्पोत चढली. साहेब घाईघाईने आला. संध्याकाळच्या खेळाची रिक्षा फिरवायची होती. नाना रिक्षात बसले, अॅम्प्लिफायर चालू केला. जुना बाजार, कचेरी, शाळा, एसटी स्टँड, त्यांची नेहमीची वाट. माइक तोंडाशी. पण भोंग्यातून एक शब्द आला नाही. नुसती खरखर. 'म्या बघितलाय' म्हणता येईना, आणि पंखे चालू आहेत म्हणावं तर पंखेच नव्हते. लोक दारांत येऊन उभे राहिले. माझ्या दुकानासमोर सवयीने रिक्षा थांबली. काचेतून मला नानांचे ओठ दिसले; घट्ट मिटलेले. मी खुर्चीवरून उठलो नाही. थोडा वेळ वाट बघून रिक्षा पुढे गेली.

त्यानंतर गावाला एक विनोद सापडला. कुणी भाजीचा भाव सांगितला, कुणी मोटरसायकल विकायला काढली, की म्हणायचं, "म्या बघितलाय," आणि हसायचं. नाना स्टँडवर दिसले की मागून हमखास आवाज यायचा, "काय नाना, बघितलाय का?" नाना मान खाली घालून चालत राहायचे. रिक्षा त्यांनी ताडपत्रीखाली घातली. संपत म्हणाला, बाबा घरातसुद्धा बोलत नाहीत, पाणी हवं तर तांब्या वाजवतात.

पावसाळा सरल्यावर एक दिवस नाना दुकानात आले. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच. उभ्याउभ्याच म्हणाले, "शेठ, अक्काचं आपरेशन झालं. डोळं आलं तिला. आता म्हनती, मोबाइलवर तो पिक्चर लाव, आता तू दिसशील मला." नानांनी माझ्या टेबलावरच्या मोबाइलकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुमच्या मोबाइलात तो तुकडा हाय ना? चला माझ्यासंगं."

माझी कागदाची गठडी आळेफाट्याला ट्रान्सपोर्टने उतरणार होती. लोणीहून बेल्ह्यामार्गे तिकडून परत येता येईल असं म्हणून मी गाडी काढली. जायला मला स्वतःलाच काहीतरी निमित्त हवं होतं.

अक्का ओसरीवर बसली होती, डोळ्यांवर काळा चष्मा. मी तिच्यासमोर मोबाइल धरला. धुकं आलं, थांबा आला. तिने चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइल नाकाशी नेला. "ह्यो बघ. ह्यो बघ माझा रंगा. घोंगडी कशी वाकडी घेतलीय." तिने परत लावायला सांगितलं. परत. मग म्हणाली, "आता पुढचा लावा."

"पुढं नाय अक्का," नाना म्हणाले.

"म्हंजे?"

"पिक्चरात म्या नाय. हेवढंच हाय. तवा तुला खोटं सांगितलं, तुझ्या डोळ्यांनी काय घात केला न्हवता." नाना ओसरीच्या कडेला खाली बसले. "आन् त्येच्या आधी समद्यांनाच खोटं सांगितलं. म्या बघितला नव्हता."

अक्काने त्यांच्याकडे बघितलं. नव्या डोळ्यांनी ती बहुधा भावाचं तोंड पहिल्यांदाच इतकं स्वच्छ बघत होती. म्हणाली, "तू पंख्याचं नाव काढलं न्हवतंस, म्हून बायांना घिऊन आले व्हते." एवढंच. रागावली नाही. सुनेला चहा टाकायला सांगितलं. नानांनी चहा घेतला नाही.

आळेफाट्याला गठडी गाडीत टाकून आम्ही हायवेवरच्या हॉटेलात बसलो. दुपारची वेळ, ट्रकवाले जेवत होते, नाशिककडे जाणाऱ्या गाडीची माणसं चहाला उतरली होती. गल्ल्यावरचा माणूस जुन्नरचाच निघाला. त्याने नानांना ओळखलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय नाना, बघितलाय का?"

दोघंतिघं हसले. नाना उठून उभे राहिले. टोपी डाव्या कानावर होतीच. हात आपोआप तोंडाशी गेला, त्यात माइक नव्हता. आणि इतके महिने पोटात कोंडलेला तो आवाज निघाला, भोंगा नसताना सबंध हॉटेल भरून.

"नाय बघितला. रंगनाथनं पिक्चर न बघता सांगितलं. तुकडा बघून सांगितलं. चूक रंगनाथची हाय."

ट्रकवाल्यांचे हात ताटात थांबले. त्यांना काही कळलं नसावं. गल्ल्यावरचा माणूस चिल्लर मोजू लागला. नाना खाली बसले, बशी पुढे ओढली. शेठ शेजारी बसलाय आणि 'बघितलात की' असं तो म्हणाला होता, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची वेळ माझी होती. मी तोंड उघडलं, आणि मिटलं. नानांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि माझ्याकडे न बघता प्यायले. त्यानंतर तो आवाज कुणी ऐकला नाही.

ट्रकवाले परत जेवू लागले. वर पंखा चालू होता.